चौथ्या टप्प्यावरचं कवठ

चिखली,
२५ नोव्हेंबर २०२३

प्रसेनजित,

जयभीम. वर 'सप्रेम' लिहिलेलं नाही. ते विसरून राहिलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हा कागद. पुण्याच्या ऑफिसात पत्र आलं तर कोणीतरी तुझ्या टेबलावर आणून ठेवेलच. सख्ख्या भावाशी बोलायला बहिणीला स्पीड पोस्ट करावी लागते, हे तुझ्या हाताखालच्या लोकांनाही कळू दे.

काल सातवीची सहल घेऊन टप्प्याच्या बागेत गेले होते. मी नको नको म्हणत होते, पण मुख्याध्यापकांना बाग नव्याने उघडल्याचं कोणीतरी सांगितलं होतं. त्रेचाळीस पोरं, एक एसटी आणि सोबत मी. फाटकाशी तुझी पाटी पाहिली. 'इ. स. १८८९. ऐतिहासिक सोपान उद्यान व वनराई. जतन व पुनर्रचना : वास्तुविशारद प्रसेनजित पंजाबराव इंगळे.' सोपान उद्यान! आपल्या बुलढाण्यात टप्प्याची बाग म्हटलं की शेंबडं पोरही रस्ता दाखवतं. हे सोपान तू कुठून आणलंस?

एक मुलगी मोठ्याने पाटी वाचत होती. मला म्हणाली, "मॅडम, इंगळे तं तुमचंबी आडनाव हाय. हे तुमचे कोन?"

मी म्हटलं, कोणी नाही.

बाबांचं नाव त्या पाटीवर आहे, हे खरं. पण ते तुझ्या नावाच्या मधे आहे. चौतीस वर्षं त्या माणसाने त्या बागेचे सात टप्पे सांभाळले. घाटाच्या कडेवरून खाली उतरणारी ती दगडी भिंत कुठे फुगते आणि पाणी बाहेर सोडणारी कुठली झिरप बुजली की ते तुंबतं, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. आई तर एकोणीस वर्षं रोजंदारीवर निंदत राहिली आणि शेवटपर्यंत कायम झाली नाही. आणि पाटी कोणाची, तर इंग्लंडात बागांचं शिकून आलेल्याची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

तुझं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पायऱ्या मोकळ्या केल्यास. तिसऱ्या टप्प्यावरचा पाण्याचा पाट पुन्हा वाहता केलास, पोरांनी त्याच्यात कागदाच्या होड्या सोडल्या. खालच्या जंगलात पायवाट काढलीस, तीही बरी आहे. पण झाडांच्या खोडांवर पिवळ्या फुल्या मारल्यात, त्या कशाच्या, म्हणून मी रखवालदाराला विचारलं. कचरूच होता, बाबांच्या हाताखालचा. तो म्हणाला, "तोडाचे हाय ते, ताई. नकाशात नाईत म्हनते साहेब."

चौथ्या टप्प्याच्या कडेला, अगदी मधोमध, एक कवठ आहे. त्याच्यावरही फुली आहे.

ते कवठ तोडायचं नाही. बाकी सगळी बाग उलटीपालटी कर, माझं काही म्हणणं नाही. ते कवठ बाबांनी लावलेलं आहे, आई गेली त्या पावसाळ्यात. तुला माहीत नसणार. कसं असेल? तू तेव्हा इंग्लंडात बागा शिकत होतास आणि तिकीट मिळत नव्हतं. आई तुझी वाट पाहत एक दिवस पडून राहिली, मग बाबा म्हणाले, आता नको. तू आलास तो पाच महिन्यांनी, कुणाचं कोण गेल्यासारखा.

ते झाड राहू दे. यापेक्षा जास्त मला काही सांगायचं नाही.

मंजुश्री


चिखली,
९ डिसेंबर २०२३

प्रसेनजित,

तुझं उत्तर मिळालं. ऑफिसच्या छापील कागदावर लिहिलंस. बहिणीला साधा कोरा कागद पुरला नसता का?

तू लिहितोस : 'मूळ आराखड्यात चौथ्या टप्प्यावरून खालच्या पूर्णेच्या खोऱ्याकडे आणि त्यामागच्या सातपुड्याकडे मोकळी दृश्यरेषा आहे. सदर कवठ नेमकं तिच्यात येतं. बाबांच्या भावनेचा मला आदर आहे. म्हणून मी खालच्या वनराईत नवं कवठ लावायला आणि तिथे आईच्या नावाची पाटी बसवायला तयार आहे. याखेरीज काही कारण असेल तर पंधरा तारखेच्या आत लेखी कळव. अठराला काम सुरू होईल.'

सदर कवठ! अरे, तलाठ्याच्या कागदातसुद्धा झाडाला इतकं परकं करत नाहीत.

ज्या इंग्रजाने ती बाग आखली त्याला सातपुडा पाहायचा होता, म्हणून त्याने तिथे मोकळं ठेवलं. आई कुठे बसून भाकर खायची, ते आठवतं का तुला? त्याच जागी. तिचं माहेर संग्रामपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी. आकाश स्वच्छ असलं की त्या बाजूला बोट दाखवायची आणि सांगायची, "तिकडं माही माय भाकरी टाकून राह्यली असंन." सुट्टीत आपण दोघं तिच्याबरोबर जायचो. तू तिचं बोट धरून विचारायचास, कुठे, मला नाही दिसत. कवठं बाजारातून आणायची, त्या पायरीच्या कोपऱ्यावर आपटून फोडायची आणि गूळ घालून आपल्याला द्यायची. बाबांना म्हणायची, "एवढी मोठी बाग, अन् मानसाले खायले एक झाड नाई!" बाबा हसायचे, सरकारी बाग आहे म्हणायचे. पण ती गेल्यावर त्यांनी साहेबाला न विचारता, नोकरीचं शेवटचं वर्ष असताना, तिथे कवठ लावलं. बाबांनी जन्मात केलेली ती एकच बेकायदा गोष्ट.

आणि तू मला वनराईत पाटी देतोस. पाटीला कोण पाणी घालतं?

शेवटी तू लिहिलंयस, की कामासाठी बुलढाण्याला येतोस तेव्हा दर वेळी आधी मढला जातोस. पैनगंगेच्या उगमाशी थांबतोस, कारण आईची राख तिथे सोडली. बाबा तुझ्याशी बोलत नाहीत, मी भांडते, तेव्हा आईला भेटायची तेवढी एकच जागा उरली आहे.

हे वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि दिवसभर शाळेत पोरांवर ओरडत होते. मला असलं काही लिहीत जाऊ नकोस. आठ वर्षांपूर्वी यायचं होतं, ते आला नाहीस. आता नदीकाठी उभं राहून काय उपयोग? नदीला काय कळतं?

बाबांना पक्षाघातानंतर उजव्या हाताने काही धरता येत नाही, जीभ जड झाली आहे, पण डोकं शाबूत आहे. तुझं नाव घरात निघालं की ते तोंड फिरवतात. का फिरवतात हे तू कधी विचारलं नाहीस. विचारायला हवं होतंस.

तुझी नवी पाटी नको, नवं झाड नको. तेच कवठ, त्याच जागी राहील.

मंजुश्री


चिखली,
१४ डिसेंबर २०२३

उद्या पंधरा तारीख. लेखी कारण मागतोस ना? मी तुझी मोठी बहीण आहे आणि तोडू नकोस म्हणते आहे. हेच कारण. याहून वेगळं काही लिहून देणार नाही. एवढ्यावर थांबवता येत नसेल तर तोड आणि सुखी राहा.

मंजुश्री


चिखली,
२५ डिसेंबर २०२३

प्रसेनजित,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. आधीच्या तिन्हींत जे लिहिलं नाही, ते यात आहे. रागाने लिहायला बसले आहे, पण या वेळी राग तुझ्यावर नाही. निदान सगळा नाही.

काल रविवारी बाबांना बागेत घेऊन गेले. मी नाही नेलं, त्यांनी मला नेलं. कचरूने फोन केला होता, कामासाठी बंद ठेवलेला चौथा टप्पा लोकांसाठी पुन्हा उघडला म्हणून. बाबा सकाळपासून धोतर नेसून, काठी घेऊन बसून राहिले. शेजारच्या शबानाचा नवरा सईद याची जीप सांगितली. कवठ तोडलं असेल की नाही, मला माहीत नव्हतं. एकदा मनाने म्हटलं, प्रसेननं ऐकलं असेल. एकदा म्हटलं, नसेल ऐकलं तर बाबांनाच दिसू दे आपल्या लेकाचं काम. असा नीच विचार मी केला. 

फाटकाशी कचरू म्हणाला, "दादा, तुमाले कायचं तिकीट?" तर बाबा म्हणाले, "तिकीट काढ मंजू. सरकारी बाग हाय." काढलं.

ते एका काठीवर आणि माझ्या खांद्यावर उतरले. दर टप्प्यावर थांबायचे, भिंतीवरून डावा हात फिरवायचे. तुला सांगायचं आहे ते असं, की त्यांनी तुझं काम तपासलं. दुसऱ्या टप्प्यावर नखाने सांधा खरवडून पाहिला आणि म्हणाले, "चुना हाय. सिमेट नाई. पोराले समजते." झिरपा मोजत गेले. एकही बुजवलेली नव्हती. आठ वर्षांत त्यांनी तुझ्याबद्दल काढलेला हा पहिला शब्द. मी खाली मान घालून त्यांच्या चपलांकडे पाहत होते.

चौथ्या टप्प्यावर आलो. समोर सगळं उघडं. खालचं खोरं, कापसाची शेतं, मागे सातपुडा. लोक फोटो काढत होते. कडेला ताज्या लाल मातीचा एक ठिगळासारखा भाग होता आणि मधे बुंधा, जमिनीबरोबर कापलेला.

बाबांनी इकडे तिकडे पाहिलं. म्हणाले, "मंजू, हा चौथाच टप्पा न?"

"हो बाबा."

"मंग कवठ?"

कचरू मागून आला होता. त्याला काय माहीत बिचाऱ्याला. म्हणाला, "सोमवारीच कापलं दादा. साह्यबाच्या नकाशात नव्हतं."

"कोन्या साह्यबाच्या?"

"आपल्या प्रसेनजित साह्यबाच्या."

बाबा मला म्हणाले, "असं कसं करन तो? त्याले तं म्या लिव्हलं होतं."

आता ऐक. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी आपल्या लोकांनी राख सावडली, ती बाबांनी कोणाला नदीवर नेऊ दिली नाही. दुसऱ्या सकाळी ते नेहमीसारखे डबा घेऊन कामावर गेले, आणि डब्यात ती राख होती. चौथ्या टप्प्यावर, आई बसायची तिथे, खड्डा केला, राख ठेवली आणि वर कवठाचं रोप लावलं. मला संध्याकाळी सांगितलं. मग तुला पत्र लिहिलं. चार दिवस लिहीत होते. मला दिलं आणि म्हणाले, इंग्रजी पत्ता तू घाल, तिकडचं तिकीट लाव आणि टाक.

मी टाकलं नाही.

तू आला नव्हतास. मला वाटलं, ज्याला मातीला यायला जमलं नाही, त्याला राख कुठे आहे हे कशाला कळायला हवं? आठवडाभराने तू फोनवर विचारलंस, ताई, आईची राख कुठे सोडली? मी म्हटलं, पैनगंगेत. तोंडाला येईल ते म्हटलं. मढ जवळ आहे, एवढंच डोक्यात होतं. आणि तू आठ वर्षं रिकाम्या पाण्यापुढे उभा राहत आलास. ते तू लिहिलंस तेव्हा तरी मी सांगायचं होतं. सहा दिवस हातात होते. एका ओळीत झाड वाचलं असतं. पण ती ओळ लिहिली असती तर तुझ्यापुढे मी खोटी पडले असते, आणि मला तुझ्यापुढे खोटं पडायचं नव्हतं. झाडापेक्षा मला माझं खरेपण मोठं झालं. तू फुली मारलीस, पण झाड मी तोडलं.

हे तिथेच, फोटो काढणाऱ्या लोकांच्या मधे, मी बाबांना सांगितलं. "बाबा, ते पत्र मी टाकलंच नव्हतं. प्रसेनला काहीच माहीत नाही."

त्यांनी काठी बुंध्यावर टेकवली. मग म्हणाले, "एवढं लिव्हलं, अन् पोरानं एका अक्षरानं जबाब देल्ला नाई, म्हनून म्या त्याचं तोंड नाई पाह्यलं. आठ वर्षं, मंजू."

तू पाच महिन्यांनी आलास आणि बाबा ओट्यावरून उठून आत गेले, ते आठवतं? तुला वाटलं, मातीला आला नाही म्हणून. त्यांना वाटलं होतं, पत्र वाचूनही हा बागेत गेला नाही, वाटेत हॉटेलात चहा पीत बसला. मला दोन्ही माहीत होतं. मी दोघांना जेवायला वाढलं.

मग बाबांनी कचरूला विचारलं, "मुया काढल्या काय रे?"

कचरू म्हणाला, "नाई दादा. वरूनच कापलं. दोन तारखीले जेसीबी येनार हाय बुंधा काढाले."

हे नीट वाच. दोन जानेवारी. मुळ्या अजून आत आहेत, आणि आई त्यांच्यात आहे. ते यंत्र तिथे येता कामा नये. तू लेखी मागितलं होतंस, हे लेखी आहे. बाबांचं मूळ पत्रही सोबत जोडलं आहे, आठ वर्षं माझ्या कपाटात होतं, पाकीट उघडलेलं नाही. खात्याला दाखवायचं तर दाखव. सरकारी बागेत राख पुरली म्हणून बाबांवर शिंतोडे उडतील या भीतीचंही मी मनाशी कारण केलं होतं. काल विचारलं तर ते म्हणाले, "उडू दे." बस्स, त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. जीपमध्ये सईदशी बोलले, घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून निजले. मी ताट ठेवलं, ते शबानाच्या हातून घेतलं.

जे तुझ्या वाट्याला आठ वर्षं होतं, ते आता माझ्या वाट्याला आलं आहे. रास्तच आहे. मी रडगाणं गात नाही, आणि तू माझी बाजू घेऊन त्यांच्याशी बोलूही नकोस. तुला माझा राग येईल तो येऊ दे. मला शिव्या दे, कायमचं ब्लॉक कर, मी जन्मात तुला पत्र लिहिणार नाही. पण माझ्यावरचा राग आई-बाबांवर काढू नकोस, जसा मी तुझ्यावरचा काढला.

आज सकाळी त्यांनी शबानाला हाक मारली आणि तुझा नंबर लावून दे म्हणाले. तिच्याकडे नव्हता, ती स्वयंपाकघरात माझ्याकडे मागायला आली. मी कागदावर लिहून दिला. दोनदा लावला. तू उचलला नाहीस. अनोळखी नंबर म्हणून नसशील उचलला. बाबांनी फोन उशाशी ठेवून घेतला आहे, शबानाला परत देत नाहीत.

तिचा नंबर पाकिटावर, पाठवणाऱ्याच्या जागी लिहिला आहे. हे पत्र मिळेपर्यंत त्यावरून तुझा फोन आणखी कितीदा वाजेल, माहीत नाही. या वेळी उचल. ते लगेच काही बोलणार नाहीत. जीभ जड आहे, आणि सुरुवात कुठून करायची ते त्यांनाही कळत नसेल. पलीकडून नुसता श्वास ऐकू येईल. फोन ठेवू नकोस.

मंजुश्री